चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

वाचकांचे प्रश्न : पाळीचं चक्र आणि दिवस राहण्याची वेळ

मूल हवं असताना नेमके दिवस ओळखायचे कसे, यावर नाशिक शहर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझं वय २७. आठ महिने आम्ही ट्राय करतोय. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तारखा भरते. ते दर महिन्याला चौदाव्या दिवसावर फूल दाखवतं. तो दिवस आम्ही चुकवत नाही. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, त्या दिवशी नाइट आली तर रजा टाकतात. पाळी कधी २६ दिवसांनी येते, कधी ३३. काय चुकतंय? – अंबड

रजा वाया चालल्या आहेत, कारण फूल चुकीच्या दिवसावर उमलतंय. चौदावा दिवस हे गणित २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं आहे. अंडं बीजकोशातून सुटल्यावर पुढची पाळी यायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि हा मागचा भाग एकाच बाईत फारसा हलत नाही. लांबतो किंवा आखडतो तो पाळीपासून अंडं सुटेपर्यंतचा पुढचा भाग. म्हणून मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची असते. तुमची पाळी २६ दिवसांनी आली त्या महिन्यात अंडं बाराव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. ३३ दिवसांनी आली तेव्हा एकोणिसाव्याच्या आसपास.

सुटलेलं अंडं जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र चांगला स्राव असेल तर आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता असते ती अंडं सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, अशा सहा दिवसांत. त्यातही शेवटचे दोन-तीन दिवस सगळ्यांत चांगले. आता तुमचा चौदावा दिवस बघा : २६ च्या महिन्यात तो अंडं संपल्यावर येतो आणि ३३ च्या महिन्यात अगदी उंबरठ्यावर. दोन्हीकडे हुकतो.

निदान सहा महिन्यांच्या तारखा काढा. सगळ्यांत लहान चक्रातून १८ वजा करा, सगळ्यांत मोठ्यातून ११. तुमच्या बाबतीत २६ वजा १८ म्हणजे ८ आणि ३३ वजा ११ म्हणजे २२. आठव्या दिवसापासून बाविसाव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध आला, तर अंडं यातल्या कुठल्याही दिवशी सुटो, शुक्रजंतू तिथे हजर असतील. पंधरा दिवस हे लांबलचक वाटतं, आणि रोज 'आज आहे ना?' असं विचारलं गेलं की त्यातली मजाही जाते. हे पंधरा दिवस पाच-सहावर आणायचे असतील तर शरीराच्या खुणा बघाव्या लागतात. त्या पुढच्या उत्तरांत आहेत.

मोजणी कुठून सुरू करता तेही तपासा. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशीचा नुसता तपकिरी डाग धरायचा नाही. आमच्याकडे आलेल्या पत्रांत दोन घोटाळे सारखे दिसतात. काही जणी डोक्यावरून पाणी घेतलं त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे चार-पाच दिवसांचा फरक तिथेच पडतो. काही जणी तिथीवर लक्षात ठेवतात, 'एकादशीला आली होती.' तिथी कधी एका दिवसात दोन बसतात, कधी एक तिथी दोन दिवस चालते. कॅलेंडरवरची तारीख लिहा आणि मधले दिवस बोटांवर मोजा. 'दर दहा तारखेला येते' हेही चक्र सांगत नाही, कारण महिना २८ चा असतो तसा ३१ चाही असतो.

प्रश्न : पाळी संपल्यावर काही दिवसांनी अंगावरून पांढरं जातं, कधी पाण्यासारखं, कधी चिकट. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा. मैत्रीण म्हणते तेच चांगले दिवस. कोण बरोबर? – इंदिरानगर

मैत्रीण. लाडू खायला हरकत नाही, पण या स्रावाचा अशक्तपणाशी संबंध नाही. गर्भाशयाच्या मुखाशी तो तयार होतो आणि महिन्याच्या हार्मोनप्रमाणे बदलतो. सगळ्या खुणांमध्ये आम्ही हिला पहिला नंबर देऊ. एक तर ती फुकट आहे, आणि अंडं सुटण्याच्या *आधी* सांगते.

क्रम साधारण असा असतो. पाळी थांबल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. मग थोडं चिकट, खळीसारखं, बोटांवर तुटणारं. मग सायीसारखं पांढरट आणि मऊ. त्यानंतर इस्ट्रोजेन वाढतं तसा स्राव पातळ, पारदर्शक आणि बुळबुळीत होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांनी भेंडी चिरताना सुरीला लागणारी तार आठवावी, किंवा कोरफडीचं पान मोडल्यावर निघणारा गर. दोन बोटांत धरून हळूच बोटं लांब केली तर एकतारी पाकासारखी तार निघते, दोन-तीन सेंटिमीटर किंवा जास्त. योनीमार्ग एरवी आम्लधर्मी असतो आणि तिथे शुक्रजंतू फार वेळ जगत नाहीत. हा तारेचा स्राव त्यांना सांभाळतो आणि वर जायला वाट देतो. अंडं सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि एक-दोन दिवसांत स्राव परत घट्ट होतो किंवा कोरडं वाटू लागतं.

बघायचं कसं? लघवीला बसण्याआधी, पाणी घेण्याआधी. आपल्याकडे पाण्यानं धुण्याची सवय असते आणि खूण पाण्याबरोबर निघून जाते. मग बायका म्हणतात, मला काही दिसतच नाही. हात स्वच्छ धुऊन *कोरडे करा* (ओल्या बोटावर सगळंच बुळबुळीत लागतं), योनीच्या तोंडाशी बोट किंवा पांढरा टिश्यू फिरवा. रंग बघा, बोटात ताणून बघा आणि दिवसभरात तिथे ओलसर वाटलं की कोरडं, तेही लक्षात ठेवा. दिवसातून दोन-तीनदा बघून रात्री एकच शब्द लिहायचा : कोरडं, चिकट, साय, तार. दिवसभरात सगळ्यांत ओली जी खूण दिसली ती धरायची.

'तार' दिसली त्या दिवसापासून, तार जाऊन आणखी एक दिवस होईपर्यंत, रोज किंवा एक दिवसाआड संबंध ठेवा. तारेचा शेवटचा दिवस हा सगळ्यांत महत्त्वाचा, पण तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून त्याची वाट बघत बसायचं नाही.

इथे फसगत होते ती अशी. संबंधानंतरच्या सकाळी वीर्य बाहेर येतं आणि तेही ओलंच दिसतं. पण ते ताणलं की तुटतं आणि पाण्यात विरघळतं. स्राव पाण्याच्या भांड्यात टाकला तर गोळी धरून राहतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी स्राव सुकतो. अंडं वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफिनच्या गोळ्यांनीही काहींचा स्राव कमी होतो. अशा महिन्यात 'तार दिसली नाही' याचा अर्थ 'अंडं नाही' असा काढू नका. बाजारातले इंटिमेट वॉश बंद करा. आतून धुण्याची गरज नसते.

सगळं पांढरं चांगलं नसतं, हेही खरं. दह्याच्या चोथ्यासारखं आणि खाज येत असेल, माशासारखा वास असेल, हिरवट-पिवळं असेल, ओटीपोटात दुखून ताप असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : सिडकोत राहते. पहाटे साडेपाचला नळ येतो, त्याआधी तापमान बघते. गेल्या महिन्याचे आकडे पाठवत आहे, दहाव्या दिवसापासून : ९७.३, ९७.२, ९७.४, ९७.१, ९८.०, ९७.३, ९७.२, ९७.६, ९७.७, ९७.८. चौदाव्या दिवशी एकदम वाढलं म्हणजे त्याच दिवशी अंडं फुटलं ना? त्या दिवशी घरात हळद होती, रात्री दोनला झोपून साडेआठला उठले. – सिडको

नाही. ९८.० हा आकडा हळदीचा आहे, अंड्याचा नाही. पहाटेनंतर शरीराचं तापमान आपोआप चढत जातं. तीन तास उशिरा उठलात, शिवाय झोप कमी झाली होती. तो आकडा गोल करून बाजूला ठेवा, खोडू नका. शेजारी 'हळद' असं लिहून ठेवलंत हे उत्तमच केलंत, नाहीतर आम्हीही फसलो असतो.

उरलेले आकडे आता नीट बोलतात. नियम असा : लागोपाठ तीन दिवस तापमान आधीच्या सहा दिवसांतल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या वर हवं, आणि तिसऱ्या दिवशी ते निदान ०.४ फॅरनहाइटने वर हवं (सेल्सिअसमध्ये ०.२). बिघडलेला दिवस सोडून तुमचे सहा आकडे आहेत ९७.३, ९७.२, ९७.४, ९७.१, ९७.३, ९७.२. मोठा आकडा ९७.४. पुढचे तीन ९७.६, ९७.७, ९७.८. तिन्ही वर आहेत आणि तिसरा बरोबर ०.४ ने वर. म्हणजे चढ सतराव्या दिवशी सुरू झाला आणि अंडं सोळाव्याच्या आसपास सुटलं. पाळी २९ ते ३१ या दिवसांत अपेक्षित धरा. तापमान १८ दिवसांहून जास्त चढलेलं राहिलं आणि पाळी आली नाही, तर प्रेग्नन्सी टेस्ट करा.

तापमान वाढल्याचं दिसतं तोवर अंडं बहुधा संपलेलं असतं. 'आज वाढलं, आज रात्री' हा हिशेब उशिराचा आहे. तापमानाचा उपयोग दोन गोष्टींसाठी : अंडं सुटतं का याची खात्री, आणि तीन-चार महिन्यांनी आपलं शरीर साधारण कोणत्या दिवसाकडे झुकतं याचा अंदाज. पुढच्या महिन्यात तुम्ही अकराव्या दिवसापासूनच तयार राहू शकता.

पद्धत पक्की करा. थर्मामीटर उशाशी ठेवा, डोळे उघडल्यावर उठायच्या आणि बोलायच्या आधी जिभेखाली धरा. नळाला धावून आल्यावर घेतलेला आकडा टाकून द्या. आधी सलग निदान तीन-चार तास झोप हवी. हिवाळ्यात तोंड उघडं टाकून झोपत असाल तर ओठ मिटून दोन-तीन मिनिटं थांबा, मग लावा. रोज तोच थर्मामीटर आणि तीच जागा. नेहमीचा डिजिटल थर्मामीटर एका दशांशापर्यंत दाखवतो. फॅरनहाइटवर ठेवला तर तो सुरुवातीला चालतो, पण दोन दशांश दाखवणारा बेसल थर्मामीटर मिळाला तर चढ स्पष्ट दिसतो. कपाळावर रोखायची बंदूक या कामाची नाही.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्या तिघींनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर दिवसातल्या सगळ्यांत लांब झोपेनंतर घ्या आणि शेजारी वेळ लिहा. तरीही आलेख ओबडधोबड निघाला, तर तापमान सोडून स्रावावर भर द्या. हट्ट करण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न : मला पीसीओडी (बीजकोशांचा हार्मोनचा बिघाड) आहे, पाळी ४०-४५ दिवसांनी येते. अंडं सुटण्याची वेळ लघवीवरून सांगणाऱ्या ओव्हुलेशन कीटवर सहा दिवस रोज दोन रेघा आल्या. सहाही दिवस अंडं फुटत होतं का? – पंचवटी

पहिली गोष्ट, दोन रेघा म्हणजे होकार नव्हे. प्रेग्नन्सीच्या कीटवर दुसरी रेघ फिकट असली तरी धरतात. ओव्हुलेशन कीटचं तसं नाही. एलएच हे हार्मोन लघवीत नेहमीच थोडं असतं, म्हणून फिकट रेघ रोजच येऊ शकते. तपासणीची रेघ कंट्रोलच्या (नेहमी उमटणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तेव्हाच होकार. तो आला की साधारण २४ ते ३६ तासांत अंडं सुटतं. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस तुमचे. (दुकानात नुसतं 'कीट' मागितलं की बरेचदा प्रेग्नन्सीचंच हातात ठेवतात. खोका वाचून घ्या.)

काडी सकाळच्या पहिल्या लघवीत बुडवू नका. एलएचचा चढ बहुतेक पहाटे सुरू होतो आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. दुपार ते संध्याकाळ चांगली, रोज तीच वेळ. आधीचे दोन तास लघवी रोखा आणि पाणी, ताक बेताचं घ्या. पाण्यासारख्या लघवीत चढ हुकतो. काडी खुणेच्या वर बुडवायची नाही. आडवी ठेवून खोक्यावर दिलेल्या वेळेत वाचा. अर्ध्या तासानं कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितलेली रेघ धरायची नाही. सुरुवात कधी? सगळ्यांत लहान चक्रातून १७ वजा करा. २८ दिवसांचं असेल तर अकराव्या दिवशी.

दुसरी गोष्ट तुमच्यापुरती. पीसीओडीत काहींचं एलएच मुळातच चढलेलं असतं, म्हणून काडी दिवसच्या दिवस गडद राहते. कधी शरीर अंडं सोडायची तयारी करतं, एलएच वाढतं, अंडं मात्र सुटत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. तार दिसणंही तसंच पुन्हा पुन्हा होऊ शकतं. तुमच्या बाबतीत एकट्या काडीवर भरवसा ठेवणं म्हणजे पैसे घालवणं. पुढे तापमान चढून दहा-बारा दिवस वर राहिलं तरच अंडं सुटलं असं समजा.

पण घरी आलेख काढत वर्ष घालवू नका. पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते, हेच डॉक्टरांकडे जायला पुरेसं कारण आहे. ते सोनोग्राफीनं अंड्याची वाढ बघतील. अंडं ज्यात वाढतं ती बीजकोशातली छोटी पिशवी (फॉलिकल) रोज दीड-दोन मिलिमीटरनं वाढत साधारण १८ ते २४ मिलिमीटरला फुटते. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरल्यावर पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. अंडं फुटण्यासाठी एचसीजीचं (प्रेग्नन्सीची काडी जे हार्मोन शोधते त्याचं) इंजेक्शन दिलं तर त्यानंतर काही दिवस ओव्हुलेशनची काडी आणि प्रेग्नन्सीची काडी, दोन्ही खोटा होकार देऊ शकतात. दोन आठवडे थांबा.

प्रश्न : आमची द्राक्षाची बाग आहे. बायकोच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. आई म्हणते चांगल्या दिवसांसाठी पंधरा दिवस जपून राहा. मी तपासणी करायची गरज आहे का? – निफाड तालुका

आहे, आणि खरं म्हणजे ती पहिल्यांदा व्हायला हवी होती. वीर्य तपासणी स्वस्त आहे आणि तिच्यात सुई टोचत नाही. बायकोची गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी होऊन गेली तरी नवऱ्याचा रिपोर्ट नाही, असं आपल्याकडे सर्रास चालतं.

जपून राहण्याचा उपयोग नाही. पंधरा दिवसांनी संख्या थोडी जास्त भरते, पण त्यात साठून मंदावलेले शुक्रजंतू जास्त असतात. एक दिवसाआड उत्तम, रोजही चालतं.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको. नमुना लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा झाला तर तासाभरात पोचला पाहिजे, शर्टाच्या आत अंगाजवळ ठेवून. निफाडहून येताना रस्त्यात कांद्याचे ट्रॅक्टर लागले तर तो तास तिथेच जातो. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नका, शुक्रजंतू मरतात. पहिला थेंब सांडला तर लपवू नका, सांगा. सगळ्यांत जास्त शुक्रजंतू त्यातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांप्रमाणे खालची मर्यादा अशी : वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हालचाल करणारे ४२ टक्के, ठीक आकाराचे ४ टक्के. '४ टक्के' वाचून घाबरून आलेली पत्रं दर महिन्याला असतात. तो आकडा नॉर्मल आहे.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज डेंग्यूचा ताप आला तर त्याचा फटका दोन-तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टमध्ये दिसतो. म्हणून एक रिपोर्ट बिघडला तर सहसा तीन महिन्यांनी दुसरा करतात. तंबाखू आणि गुटखा आजच बंद केला तरी गुण यायला तेवढाच वेळ. फवारणी करताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि घरात शिरायच्या आधी कपडे बदलणं. ते कपडे वेगळे धुवा, आणि ते बायकोनं उघड्या हातांनी धुऊ नयेत. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं असेल तर घेऊ नका. त्यानं शुक्रजंतू तयार होणंच थांबतं.

प्रश्न : मुलगा हवा असेल तर कोणत्या दिवशी संबंध ठेवावा? – नाव, गाव नाही

कोणत्याच नाही. दिवसावरून मुलगा-मुलगी ठरत नाही. गर्भधारणेआधी लिंग निवडणं कायद्यानं गुन्हाही आहे. पुढचं पत्र.

प्रश्न : वय ३६, पाळी ३२-३३ दिवसांनी. चार महिने झाले. किती थांबावं? एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन केलं, ते १.१ आलं, म्हणजे अंडं फुटत नाही असं लॅबमधल्या बाई म्हणाल्या. – नाशिकरोड

तपासणी चुकीच्या दिवशी झाली. ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. २८ दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस येतो म्हणून तसं नाव पडलं. तुमच्यासाठी तो पंचविसावा किंवा सव्विसावा. एकविसाव्या दिवशी तुमचं अंडं नुकतंच सुटलं असेल, प्रोजेस्टेरॉन वाढायला वेळच मिळाला नाही. पुन्हा करा. ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं तर अंडं सुटलं. तार संपल्याची तारीख लिहिली असेल तर तिथून सातवा दिवस धरा, ते सगळ्यांत अचूक.

थांबायचं किती : ३५ च्या आत असाल तर वर्षभर, ३५ नंतर सहा महिने, चाळिशीनंतर थांबायचंच नाही. तुम्हाला दोन महिने आहेत, तेवढ्यात दोघांच्याही तपासण्या उरकून घ्या. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ च्या पुढे, पाळीत असह्य दुखणं, पूर्वी क्षयरोग किंवा पोटाचं ऑपरेशन, नवऱ्याला वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजलेलं, यातलं काहीही असेल तर वयाची वाट बघू नका. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय नळ्या बंद करतो आणि बरेचदा बाहेरून काहीच दाखवत नाही. एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आलं म्हणून हाय खाऊ नका. आपोआप दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. आणि फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासून. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर डॉक्टरांना विचारून जास्त डोस.

प्रश्न : संबंधानंतर अर्धा तास भिंतीला पाय लावून पडायचं का? लगेच उठलं की सगळं बाहेर येतं. – देवळाली कॅम्प

बाहेर येतं ते बहुतेक वीर्यातलं पाणी. लागणारे शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात शिरलेले असतात. पडून राहावंसं वाटलं तर दहा मिनिटं पडा, नाही वाटलं तर उठा. लघवी मात्र अडवून धरू नका, ती दुसऱ्या वाटेनं येते आणि जंतुसंसर्ग टाळते.